अवघड स्पीकरसाठी ॲम्प निवडायचाय: वॅट बघू की करंट?

नमस्कार मंडळी,

स्पीकर ठरलेत, ते बदलायचे नाहीत. अडलंय ते ॲम्पवर. जाणकारांनी कृपया मत द्यावं.

स्पीकर उभे, थ्री-वे (खर्ज, मध्य आणि तारस्वराला वेगवेगळी युनिटं), सीलबंद पेटीचे. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक व्होल्टला एक मीटरवर मिळणारा आवाज) ८४ डेसिबल लिहिलीय, पण ती २.८३ व्होल्टला. इम्पिडन्स (करंटला होणारा एकूण विरोध) ४ ओहम, म्हणजे तेवढ्या व्होल्टला १ नव्हे, २ वॅट जातात. एका वॅटला ८१च धरायचे. खरी अडचण आलेखात दिसते: ९० हर्ट्झच्या आसपास इम्पिडन्स २.६ ओहमपर्यंत उतरतो आणि नेमका तिथेच फेज (व्होल्टेज आणि करंटच्या चढ-उतारातलं अंतर) उणे ४० अंश. वरच्या क्रॉसओव्हरपाशी (जिथे मधलं युनिट तारस्वराच्या युनिटकडे आवाज सोपवतं) तोच १४ ओहमवर चढतो.

सध्याचा इंटिग्रेटेड (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एकाच पेटीत असलेला) ॲम्प ८ ओहमला ८० वॅटचा. हळू आवाजात सुरेख वाजतो. आवाज चढवून तबला लावला की डग्ग्याचा घुमारा उमटतो, पण पुरता फुलायच्या आत कुणी पुडीवर तळवा ठेवावा तसा मिटतो. आणखी चढवलं की आतला रिले टक्कन वाजतो, दिवा लाल होतो आणि सगळं गप्प. दुसऱ्या, सोप्या स्पीकरवर हाच ॲम्प तासन्‌तास कुरकुरत नाही.

मी मांडलेला हिशेब असा. बसायची जागा साडेतीन मीटरवर. खोलीत अंतरापायी साधारण ७ डेसिबल जातात, दोन स्पीकरचे ३ मिळतात. म्हणजे प्रत्येकी एका वॅटला कानाशी ७७ डेसिबल. सरासरी आवाज एवढा पुरे, पण चांगल्या रेकॉर्डिंगमधली शिखरं त्याच्या २० डेसिबल वर जाऊ शकतात, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. तेव्हा ४ ओहमला १०० वॅट, म्हणजेच २० व्होल्ट. हे कागदावर माझ्या ॲम्पलाही जमायला हवं! पण तेच २० व्होल्ट २.६ ओहमवर आले की करंट पावणेआठ अँपिअर, शिखराला ११च्या घरात. त्यात फेजमुळे व्होल्टेज आणि करंट एका वेळी चढत नाहीत, त्यामुळे आउटपुट ट्रान्झिस्टरवर क्षणभर पडणारा ताण १ ओहमच्या साध्या रोधाइतका होतो. म्हणून वॅटचा आकडा बघून निवड करायची मला भीती वाटते.

व्हॉल्व्ह ॲम्प मनापासून आवडतात, पण आउटपुट इम्पिडन्स १ ओहम जरी धरला तरी माझ्या आलेखावर २.६ आणि १४ ओहमच्या जागांमध्ये सव्वादोन डेसिबलचा फरक पडेल. तो ॲम्पचा रंग होईल, स्पीकरचा आवाज उरणार नाही. म्हणून ते बाद.

डोक्यात आहेत ते हे: ८ ओहमला ३० आणि ४ ओहमला ६० देणारा शुद्ध क्लास ए (ट्रान्झिस्टर कधीच बंद न होणारा), मॅकिंटॉशचा एमसी४६२, जो ऑटोफॉर्मरमुळे (वेगवेगळ्या ओहमसाठी जोडण्या, म्हणजे टॅप, असलेला आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर) २, ४, ८ तिन्ही ओहमला ४५० वॅट देतो, नाहीतर क्लास डीचे (स्विचिंगवर चालणारे) मोनोब्लॉक, म्हणजे दर स्पीकरला एक स्वतंत्र ॲम्प. दोन स्टिरिओ ॲम्प घेऊन ब्रिज करावेत (दोन चॅनल जोडून एकाच स्पीकरला द्यावेत) असंही एकाने सुचवलं. ओहम निम्मे झाले की वॅट दुप्पट, तोच ॲम्प खरा, असं सगळे म्हणतात. हे कितपत धरायचं?

– षड्ज

मंद्रस्वर:
हिशेब चोख आहे. तोच पुढे नेऊ. ८ ओहमला ३० वॅट म्हणजे १५.५ व्होल्ट, तुम्हाला २० हवेत. क्लास एचा गोडवा मलाही प्रिय आहे, पण ८ ओहमला ३० वॅटपुरताच बायस (आवाज नसतानाही वाहता ठेवलेला करंट) असेल तर २.७ अँपिअरपुढे तो क्लास ए राहतच नाही, आणि तुमची गरज ११ची. त्या स्पीकरवर तो आधी तापेल, मग शिखरं कापेल.

ब्रिज अजिबात नको. ब्रिज केल्यावर प्रत्येक अर्ध्याला निम्मा इम्पिडन्स दिसतो, म्हणजे २.६चे १.३ ओहम. व्होल्ट वाढतील, पण तुम्हाला व्होल्ट कमी पडतच नाहीयेत.

'दुप्पट'वर फार जाऊ नका. ८ ओहमचा आकडा मुद्दाम कमी लिहिला की ४चा आपोआप दुप्पट दिसतो. सरळ २ ओहमचा आकडा मागा, तोही दोन्ही चॅनल चालू असताना आणि किती वेळ टिकतो यासह. तो देत नसतील तर तो ॲम्प यादीतून काढा.

घुमारा:
क्लास डीला जुन्या ऐकीव गोष्टींवरून नाकारू नका. काही जुन्या डिझाइनमध्ये फीडबॅक (चूक सुधारायला परत घेतलेला सिग्नल) आउटपुट फिल्टरच्या आधी घेतला जायचा, त्यामुळे स्पीकर बदलला की ट्रेबल बदलायचा. हायपेक्स एनकोअर, प्युरिफाय या मॉड्यूलांत फीडबॅक फिल्टरनंतर घेतात, तिथे हा दोष उरत नाही. मात्र त्यांची करंटची मर्यादा ठाम असते. ती तुमच्या ११ अँपिअरच्या बरीच वर हवी.

आणि डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचा इम्पिडन्स भागिले ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स) ५०० की १००० यात गुंतू नका. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची ३ मीटर केबलच जाऊन-येऊन ०.०४ ओहमची होते. तिच्यापुढे तो फरक कुठे ऐकू येणार!

षड्ज:
दोघांचेही मनापासून आभार. क्लास ए आणि ब्रिज यादीतून काढले. २ ओहमला ४५० वॅट म्हणजे ३० व्होल्ट, तेव्हा एमसी४६२च्या २ ओहमच्या टॅपवरही माझी गरज भागते आणि वर साडेतीन डेसिबल शिल्लक राहतात. आता एवढंच विचारतो: असे २.६ ते १४ ओहम हिंडणारे स्पीकर कुणी ऑटोफॉर्मरवर लावलेत का? २ आणि ४ ओहमच्या टॅपमध्ये खर्जाला काय फरक जाणवला, तो नीट लिहा. क्लास डीवाल्यांनी मॉड्यूलचं नाव आणि करंटची मर्यादा दोन्ही द्यावं.