मदत हवी आहे: पाच महिन्यांच्या बाळाला नेब्युलायझर, २५ मिनिटं लागतात आणि रडून गोंधळ

धायरीची_आई
मुलगा पाच महिन्यांचा, ६.८ किलो. शनिवारी सर्दी सुरू झाली, सोमवारी रात्रीपासून छाती वाजतेय. काल डॉक्टरांनी ब्रॉन्किओलायटिस (फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांची सूज) सांगितलं, रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के होता. लेव्होसाल्बुटामॉल ०.३१ मिग्रॅचं रेस्प्यूल (एका डोसची प्लास्टिकची कुपी) दिवसातून तीनदा नेब्युलायझरने, म्हणजे औषधाची वाफ करणाऱ्या मशीनने, द्यायचं आणि शुक्रवारी परत दाखवायचं आहे.

रेस्प्यूलमध्ये ३ मिली सलाइन घालून देते, संपायला २५ मिनिटं लागतात. तोवर तो रडून लालबुंद. मास्क टेकवला की जास्तच, म्हणून जरा लांब धरते. चालतं का? दिल्यावर छाती भराभर धडधडते, ते कशाने? सासूबाई म्हणतात मशीनची सवय लागते, त्यापेक्षा ओव्याची धुरी द्या. त्यात उद्या गुरुवार, नऊ ते पाच वीज बंदचा मेसेज आलाय.

तिसरी_पाळी
मशीनचं नंतर. आधी श्वास मोजा. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करून पोटाकडे बघत पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, या वयात श्वास एका लयीत नसतो. २ महिने ते १ वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद. बरगड्यांखाली खड्डा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, बाळ कण्हतंय का, तेही बघा. दूध नेहमीच्या मानाने किती जातंय आणि शू किती वेळा, हे लिहा.

दूध निम्म्यावर आलं, बारा तास लंगोट कोरडा राहिला, प्रत्येक श्वासाला खड्डा पडू लागला, ओठ-जीभ निळसर दिसली, श्वास मधेच थांबला किंवा बाळ नीट जागंच होईना, तर यातल्या एकाही गोष्टीसाठी शुक्रवारची वाट बघायची नाही. १०८ ला फोन किंवा थेट हॉस्पिटल. कुठे जायचं ते आजच ठरवून ठेवा, जिथे रात्री बालरोगतज्ज्ञ आणि लहान मुलांचा आयसीयू आहे असं ठिकाण. संध्याकाळी सिंहगड रोडवर अडकल्यावर शोधाशोध नको.

फार्मसीवाला
२५ मिनिटांचं कारण तुमचं सलाइन. रेस्प्यूल आधीच पातळ केलेलं असतं, त्यात २.५ मिली असतात. वर ३ घातले की साडेपाच. घरगुती मशीन मिनिटाला साधारण पाव मिलीच उडवतो, हिशेब तुम्हीच करा. डॉक्टरांनी वेगळं सलाइन लिहिलं नसेल तर नुसतं रेस्प्यूल टाका, दहा मिनिटांत आटपेल. (पातळ करावं लागतं ते बाटलीतलं साल्बुटामॉल, तुमच्याच औषधाच्या जातीचं. त्यात १ मिलीला ५ मिग्रॅ असतात. रेस्प्यूल नाही म्हणून कोणी बाटली हातात ठेवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, फार मोठी चूक होते.)

एवढं करूनही वेळ लागला तर: औषध ओततो त्या कपाच्या आत एक छोटा शंकूसारखा सुटा भाग असतो. धुताना तो सिंकमध्ये जातो आणि मग मशीन घुरघुरतं पण धूर निघत नाही. तो आहे का बघा. नंतर मशीनचा फिल्टर, करडा पडला असेल तर बदला. नळीला मुरड नको. कप उभाच धरा, आडवा झाला की औषध वर चढत नाही. फडफड आवाज यायला लागला की कपाला टिचक्या मारा, तरीही वाफ येईना तर बंद करा. तळाशी थोडं उरतंच, त्याच्या मागे लागू नका.

तिसरी_पाळी
मास्क लांब धरणं मात्र बंद. एक-दोन सेंटिमीटरचं अंतर पडलं तरी पोचणारं औषध निम्म्याहून कमी होतं. रडण्यानेही तेच: बाळ रडताना लांब उच्छ्वास सोडतं आणि मधे झटक्यात हवा ओढतं, औषध घशात आणि पोटात जातं. म्हणून मांडीवर उभं धरून, पाठ तुमच्या पोटाला, आधी मशीन नुसतंच चालू करून आवाजाची ओळख करून द्या. मग मास्क नाक-तोंड दोन्ही झाकून हलकाच टेकवा. मास्कची बाजूची भोकं बुजवायची नाहीत. झोपेत दिलं तरी चालतं, मास्क नीट बसत असेल आणि बाळ उठून भोकाड पसरत नसेल तर. दूध पाजल्यावर लगेच नको, उलटी होते.

धडधड औषधाचीच. हातपायही थोडे थरथरतात. सहसा तासाभरात उतरते. नाहीच उतरली तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

धायरीची_आई
खूप आभार. झोपेत मोजले, ४६. खड्डा अगदी किंचित, कधीकधी. दूध पाऊण भाग जातंय, शू सकाळपासून चारदा. शंकू जागेवर आहे. दुपारचा डोस सलाइनशिवाय दिला, अकरा मिनिटांत झाला. पण छातीचा आवाज आहे तसाच आहे.

चिंचेचं_झाड
तसाच राहू शकतो, मशीनचा दोष असेलच असं नाही. दम्यात श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि हे औषध ते सैल करतं. ब्रॉन्किओलायटिसमध्ये विषाणूने बारीक नळ्या आतून सुजतात, त्यात कफ साचतो. तिथे सैल करण्यासारखं फारसं काही नसतं. म्हणूनच अमेरिकन बालरोग संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शनात या आजारात साल्बुटामॉल देऊ नये असंच म्हटलंय. आपल्याकडे डॉक्टर बऱ्याचदा देऊन बघतात, विशेषतः घरात दमा किंवा ॲलर्जी असेल तर. परस्पर बंद करू नका. देण्याआधी आणि दिल्यावर २० मिनिटांनी श्वास मोजून कागदावर लिहा. दोन-तीनदा काहीच फरक नसेल तर तो कागद दाखवून ‘चालू ठेवायचं का?’ असं सरळ विचारा.

खरं काम नाकात आहे. या वयात बाळं नाकानेच श्वास घेतात, नाक चोंदलं की दूध सुटतं. दुधाआधी पाच-दहा मिनिटं प्रत्येक नाकपुडीत साध्या ०.९ टक्के सलाइनचे २-३ थेंब, मग रबरी बल्बने हलकंच ओढा. दिवसात चार-पाचदा पुरे, जास्त ओढलं तर आतून सूज येते. दूध थोडं थोडं, जास्त वेळा. नाकात तेल मुळीच नको, ते फुफ्फुसात उतरलं तर वेगळाच न्यूमोनिया होतो.

धुरीला नाही म्हणा. ओव्याची असली तरी तो धूरच, आणि नळ्या आधीच सुजलेल्या आहेत. कापूर, निलगिरी, चोळायचा बाम काहीही नको, कापराने लहान बाळांना फिट्स येऊ शकतात. यातलं काही नेब्युलायझरमध्ये तर कधीच नाही. सासूबाईंना सांगा, सवय लागत नाही. आजार उतरला की औषध थांबतं, इतकंच.

धायरीची_आई
आणि उद्याची वीज?

फार्मसीवाला
घरात इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही, मशीनच्या तळाशी किती वॅट लिहिलेत तेवढे बघून घ्या. नसेल तर आजच डॉक्टरांना विचारा, पहिला डोस साडेआठला आणि पुढचा पाचनंतर चालेल का. ते कदाचित पंप (इन्हेलर) आणि त्याला जोडायचा मास्कवाला स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळी, लिहून देतील. नीट दिला तर नेब्युलायझरइतकाच लागू पडतो, वीजही लागत नाही. पंप हलवून एका वेळी एकच पफ, मास्क टेकवून बाळाचे पाच-सहा श्वास होऊ द्यायचे, अर्ध्या मिनिटाने दुसरा. किती पफ ते डॉक्टरच सांगतील. स्पेसर नवा असेल तर भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवा, फडक्याने पुसलात तर स्थिर विजेमुळे औषध भिंतीलाच चिकटतं.

धायरीची_आई
इन्व्हर्टर शेजारी आहे, बोलून ठेवलं. कप उकळू का?

फार्मसीवाला
माहितीपत्रकात उकळा म्हटलं असेल तरच, नाहीतर वाकतो. प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुऊन उलटा वाळवा. दिवसातून एकदा एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी, अर्धा तास, मग स्वच्छ धुवा. नळीत पाणी घालू नका. आत ओल दिसली तर कप काढून मशीन दोन मिनिटं नुसतं चालवा.

तिसरी_पाळी
आज पाचवा दिवस, तिसऱ्या ते पाचव्या दिवसात हे सगळ्यात जोरात असतं. आजची रात्र दर दुधाच्या वेळी श्वास मोजा. ५० किंवा जास्त झाले किंवा तो खड्डा कायमचा दिसू लागला तर शुक्रवार विसरा. खोकला पुढे दोन-तीन आठवडे राहिला तरी त्याचं विशेष नाही.

धायरीची_आई
रात्री दहाला ४४. दूध पूर्ण संपवलं. कागद फ्रिजवर लावलाय.