नागपूरजवळच्या कोंढाळीकडचे प्लॉट: पाला पेटवायचा की नाही?

सचिव (प्लॉट 4): नमस्कार मंडळी. प्लॉटांवर सागाचा पाला घोट्याच्या वर साचला आहे. ठेकेदार म्हणतो, सगळा एका जागी ओढून पेटवून देतो, दिवसभरात साफ. येत्या रविवारी करून घ्यायचं का? हरकत नसेल तर 👍 करा.

राहुल (प्लॉट 11): 👍

मंजूताई (प्लॉट 7): 👍 फक्त दुपारी नको, आमच्याकडे पाहुणे आहेत.

काळे काका (प्लॉट 2): थांबा ना बाप्पा! 15 फेब्रुवारी उलटली. आता 15 जूनपर्यंत वनखात्याच्या हिशोबात आगीचा हंगाम. माझी सगळी नोकरी वनपाल म्हणून गेली, म्हणून सांगतो. वाळलेलं सागाचं पान वळून द्रोणासारखं होतं, आत हवा राहते. पेटलं की जळतं जळतं उडतं. तुम्ही ढीग पेटवला मधोमध, पान जाऊन पडणार तारेपलीकडच्या जंगलात.

काळे काका: आणि भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 26 वाचा. राखीव जंगलाला धोका होईल अशी आग लावली, किंवा जळती सोडून दिली, तरी गुन्हा. आग आपल्या सातबाऱ्यातच लावली होती, हे सांगून सुटका होत नाही.

राहुल: पण काका, आग आपण कुठं लावतो? मोहफुलं वेचणारे लावतात दरवर्षी. त्यांना काहून कोणी बोलत नाही?

शोभाकाकू (प्लॉट 9): राहुल, माझं माहेर तिकडचंच. मोहाचं फूल पहाटे गळतं. खाली पाला असला की फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. मग काही जण बिडीच्या तेंदूला कोवळं पान चांगलं फुटावं म्हणूनही जाळतात. हौस म्हणून कोणी जाळत नाही. फूल नाही वेचलं तर त्या बाईच्या घरी त्या महिन्यात रोकड येत नाही.

राहुल: मान्य, पण आपल्या घराचं काय?

शोभाकाकू: तेच सांगते. आपल्या प्लॉटांवर मोहाची चांगली सहा-सात झाडं आहेत. आपण गेटाला कुलूप लावून बसतो आणि फुलं जमिनीत सडतात. त्या बायांना आत येऊ द्या. पाला त्या झाडून देतील, जुनी लुगडी किंवा नेट अंथरून फुलं नेतील. काडी ओढायचं कारणच उरत नाही. 🙏

मंजूताई: पहाटे चारला गेट कोण उघडणार?

शोभाकाकू: चौकीदार. त्यालाही फुलं द्या थोडी.

काळे काका: काकूंचं सोळा आणे बरोबर. कुंपणापेक्षा हे जास्त कामाचं.

सचिव: बरं, मग पाल्याचं काय? आणि मागच्या तारेपलीकडे जेसीबी लावून वीस फूट पट्टा साफ करून घेऊ का? ठेकेदार तेही करतो म्हणाला.

काळे काका: अजिबात नाही! तारेपलीकडे झुडपी जंगल आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की झुडपी जंगल हे वनच. तिथं जेसीबी नेला तर आगीआधी आपणच अडचणीत येऊ. तिकडची जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा, वनखातं घेईल, आपण परिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यायचा. आपला पट्टा तारेच्या आत घ्यायचा. गवत मुळापासून खरवडून काढा, माती दिसली पाहिजे. नुसतं कापून तिथंच टाकलं तर काय उपयोग, वाळलेलं सरपण अंथरल्यासारखं.

काळे काका: रायमुनिया म्हणजे घाणेरीही काढा, पण मुळासकट. पेटवून ती मरत नाही, पावसाळ्यात बुडातून दुप्पट फुटते. मरतात ती सागाची-तेंदूची रोपं. आणि ठेकेदाराच्या नादानं साग किंवा मोह तोडू नका. 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत दोन्ही आहेत, जमीन आपली असली तरी परवानगी लागते.

राहुल: माझी बहीण कॅलिफोर्नियात राहते. तिकडं वणव्याच्या भागात घराभोवती 100 फूट मोकळं ठेवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. आपले प्लॉटच तेवढे नाहीत 😅

काळे काका: 100 फूट राहू दे. भिंतीपासून पहिले पाच फूट आधी बघ. लोकांना वाटतं ज्वाळा येऊन घर खाते. बहुतेक वेळा आधी येते ठिणगी. कौलात, पन्हाळीत, पायरीखालच्या पाल्यात जाऊन बसते आणि आपण मागची आग विझवत असताना पुढून घर पेटतं. मागच्या खेपेला फेरी मारली तेव्हा काय पाहिलं सांगू? प्लॉट 11 च्या मागच्या भिंतीला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, गंज टेकवलेला, वरून हिरवी नेट. आणि खिडकीतला कूलर, त्याच्या ताट्या गेल्या उन्हाळ्यापासून तशाच. खस वाळून इतकी कोरडी की हाताला लागताच भुगा होतो. एक ठिणगी त्यात पडली की खिडकीतून थेट गादीवर.

राहुल: 😳 कूलरचं डोक्यातच आलं नाही. शनिवारी जाऊन काढतो. पऱ्हाट्या कुठं ठेवू?

काळे काका: घरापासून तीस फूट तरी लांब, उताराच्या खाली नको. तुझं घर टेकडीच्या माथ्यावर आहे, आग चढावर जोरात पळते. झाडांच्या खालच्या वाळलेल्या फांद्याही माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत काढून टाक, म्हणजे गवताची आग शेंड्यावर चढणार नाही.

मंजूताई: आग लागलीच तर मोटर चालू करून पाइपनं मारू की. टाकी भरलेली असते.

काळे काका: लाइन गेली की मोटर बंद, मंजूताई. आणि प्लास्टिकचा पाइप वितळतो. पाठीवरचे फवारणी पंप भरून ठेवा, डिझेल पंप असेल तर उत्तम. बंबाला यायला तास-दीड तास धरा, आणि तो आला तर आपल्या गेटावरच्या बोगनवेलीखालून जाईल का तेही बघा.

सचिव: उपग्रहावरून आगीचा मेसेज येतो म्हणे?

काळे काका: येतो. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे नोंदणी केली की मोबाईलवर येतो. करून ठेवा. पण उपग्रह दिवसातून ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो, मधल्या वेळात आपला चौकीदारच. त्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा: वनखातं 1926, अग्निशमन 101. आणि बीटगार्डचा, म्हणजे आपल्या भागातल्या वनरक्षकाचा, नंबर.

सचिव: ठीक. जाळणं रद्द. पाला ओढून खालच्या जुन्या मुरमाच्या खड्ड्यात, वर शेणाचा काला. सागाचं पान कुजायला वेळ लागतो, पण खड्डा मोठा आहे. ठेकेदाराला नवा रेट विचारतो, जास्त लागेल हे गृहीत धरा.

राहुल: आणि होळी? पोरांना सांगून ठेवलंय मी.

काळे काका: गेटाजवळ मुरूम टाकलाय तिथं, लहानशी. पाण्याचे दोन ड्रम बाजूला. राखेत हात घालून थंड लागेपर्यंत एक मोठा माणूस तिथून हलायचा नाही.

मंजूताई: आमच्याकडे दोन फवारणी पंप आहेत, एकाचा नोझल गेलाय. कोणी कॉटन मार्केटकडे जाणार असेल तर घेऊन या ना, पैसे लगेच पाठवते.

शोभाकाकू: मी उद्या जातेय. जुना नोझल नमुन्याला द्या, नाही तर भलताच मिळतो.