मदत हवी आहे : एचआयव्ही असलेल्या मुलीची सांधेसूज आणि ‘इम्यून कॉम्प्लेक्स’चा रिपोर्ट

नमस्कार. माझी नऊ वर्षांची भाची जन्मापासून एचआयव्हीबाधित आहे. बहिणीच्या पश्चात ती आमच्याकडे कोल्हापुरातच असते, सकाळ-संध्याकाळ साडेआठच्या एआरटीच्या (एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या चुकवत नाही आणि वर्षभर तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूंचे प्रमाण, यंत्राला दिसण्यापलीकडे खाली आहे. गेले अडीच महिने मात्र तिचा उजवा गुडघा आणि डावा घोटा सुजतो. सकाळी पाऊण तास पाय सरळ होत नाही, मांडी घालता येत नाही म्हणून ती उंबऱ्याला टेकून ताट मांडीवर घेते, आणि तीच मुलगी दुपारी गल्लीत लंगडी खेळते, त्यामुळे घरात काहींना हे सोंग वाटते.

अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितलेल्या तपासणीत रक्तात फिरणारी इम्यून कॉम्प्लेक्स, म्हणजे प्रतिजन आणि प्रतिपिंड एकमेकांना चिकटून झालेली संयुगे, वाढलेली निघाली. शरीरातली सूज-दाह दाखवणारा ईएसआर ६२ आहे, संधिवातासाठी पाहतात तो आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे. बालसंधिवात धरून सोमवारी गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यायचे ठरले आहे. परंतु मी वाचले त्याप्रमाणे ही संयुगे बालसंधिवातात वाढतात तशीच एचआयव्हीतही वाढतात. मग हा आकडा नेमका कोणत्या आजाराचा समजायचा?

प्रतिसाद

दादा, तुमची शंका रास्त आहे. ही तपासणी संयुगे आहेत एवढेच सांगते, त्यांत कोणते प्रतिजन अडकले आहे हे सांगत नाही. शिवाय प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असल्याने एकीचा आकडा दुसरीशी जुळेलच असे नाही. एचआयव्हीत बी-पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाजवीपेक्षा जास्त प्रतिपिंडे बनवतात, त्यामुळे ईएसआरही वाढू शकतो. आरए फॅक्टर तर बालसंधिवात झालेल्या बहुतेक मुलांत निगेटिव्हच असतो. सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरे कारण न सापडलेली सांधेसूज म्हणजे बालसंधिवात, आणि इथे सगळा प्रश्न त्या ‘दुसऱ्या कारणा’चा आहे. म्हणून इंजेक्शनाआधी सांध्यातले पाणी काढून जंतुसंसर्ग आणि क्षयरोग तपासून घ्यावा, असे मला वाटते. एएनए ही रक्ततपासणी आणि स्लिट लॅम्प या डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकावर डोळ्यांची तपासणीही करून घ्या, कारण या आजारातील डोळ्याची सूज बहुधा ना दुखते ना लाल दिसते.

एक गोष्ट तातडीची. एआरटीच्या गोळ्यांत रिटोनावीर हे औषध आहे का? असल्यास ट्रायमसिनोलोन हे सांध्यात देण्याचे नेहमीचे स्टिरॉइड शरीरातून लवकर बाहेर पडत नाही आणि एका इंजेक्शनानेही चेहरा सुजणे, अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या, शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणाऱ्या) ग्रंथी मंदावणे असे प्रकार होऊ शकतात. डॉक्टरांना एचआयव्हीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट सांगितला म्हणजे गोळ्यांची नावे सांगितली असे होत नाही.

मूळ लेखक

आभारी आहे. अस्थिरोगतज्ज्ञांना एचआयव्हीचे सांगितले होते. गोळ्यांची नावे त्यांनी विचारली नाहीत आणि मीही काढली नाहीत. आताच बाटली उजेडात धरून पाहिली : लोपिनावीर आणि रिटोनावीर. उद्या सकाळी हीच बाटली घेऊन आधी एआरटी केंद्रात आणि मग त्यांच्याकडे जातो.