वेबकॉमिक: पानाने वाचायचं की अंगठ्याने?

कोपरीचा_किडा
इथे दोघातिघांनी विचारलं होतं, ऑनलाइन कॉमिक वाचायला सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं: 'गनरक्रिग कोर्ट'. टॉम सिडेल २००५ पासून काढतोय. पहिल्याच पानावर अँटिमनी नावाची शाळकरी मुलगी अगदी शांतपणे सांगते की तिला दुसरी सावली फुटली आहे. झालं, मी तिथेच अडकलो. सुरुवातीची चित्रं कच्ची आहेत, पण दम धरा, हात बसत जातो.

दुसरं 'एक्सकेसीडी'. रँडल मन्रोची काडीची माणसं, आठवड्यातून तीनदा. चित्रावर माउस ठेवला की आणखी एक विनोद उघडतो. तो न वाचता पुढे गेलात तर ताटातलं गोड टाकून उठलात समजा.

ॲपवरचं ते वरून खाली सरकणारं प्रकरण मात्र मी कॉमिक मानत नाही. पान नाही, चौकटींची मांडणी नाही, नुसती लांबलचक पट्टी. राग आला तर येऊ दे.

ऐरोली_लेडीज_डबा
राग नाही, हसू आलं. दादा, तुम्ही घरी खुर्चीत बसून वाचता. लोकलमध्ये माझ्या एका हातात कडी, खांद्याला पर्स आणि डबा, उरतो अंगठा. तुमचं ते पान चिमटीने मोठं करत घणसोली यायच्या आत वाचून दाखवा बरं!

'लोर ऑलिम्पस' उघडा. न्यूझीलंडच्या रेचल स्माइथचं. ग्रीक पुराणातला देव हेडीझ निळा, देवी पर्सेफनी गुलाबी, म्हणजे कोण बोलतंय ते रंगावरूनच कळतं. आणि दोन चित्रांमध्ये सोडलेली मोकळी जागा अंगठ्याखालून सरकते ना, तेवढा वेळ माणूस गप्प असतो. ही मांडणी नाही तर काय? २०२२ ला आयस्नर, म्हणजे कॉमिक्सचं मोठं बक्षीस, उगाच नाही मिळालं.

कोपरीचा_किडा
मोकळ्या जागेचं अर्धं मान्य. पण पुढचा भाग आजच हवा तर पैसे मोजा, हे काय? एका ॲपवर रात्री दीड वाजता मी तिसऱ्यांदा पैसे भरले, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. उलट 'ऑर्डर ऑफ द स्टिक' बघा, २००३ पासूनचे भाग साइटवर फुकट. तरीही रिच बर्ल्यूने २०१२ ला जुनी पुस्तकं पुन्हा छापायला ५७,७५० डॉलर मागितले, तर वाचकांनी साडेबारा लाखांवर दिले!

जुनी_रद्दी
तुम्ही दोघं भांडा, पण 'टाइम'चं काय? तेच एक्सकेसीडी, २०१३. दोघं समुद्रकाठी वाळूचा किल्ला बांधताहेत, चौकट एकच. चित्र आधी अर्ध्या तासाने बदलायचं, मग तासातासाने. चार महिने, ३०९९ चित्रं. पान नाही, पट्टीही नाही. पुढच्या वर्षी ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचं मोठं बक्षीस, मिळालं त्याला.

आणि सगळी यादी इंग्रजीच? मराठीत आपला चिंटू १९९१ चा, पण तो पेपरातून आलेला. खास वेबसाठी काढलेली मराठी लांब गोष्ट कोणी वाचत असेल तर नाव टाका.

ऐरोली_लेडीज_डबा
मराठी नाही, पण माणूस नागपूरचा: रोहन चक्रवर्तीचं 'ग्रीन ह्यूमर', सगळं प्राण्यापक्ष्यांवर. लेकाला खाडीवर फ्लेमिंगो दाखवायला नेलं, तर पठ्ठ्या चिखलातले खेकडेच बघत बसला. घरी आल्यावर हे उघडून दिलं. आता त्याच्या गणिताच्या वहीत खेकडे बोलतात.

कोपरीचा_किडा
'टाइम' तेव्हा मी ऑफिसात उघडा ठेवायचो. जेवून आलो की आधी किल्ला किती चढला ते बघायचं, मग मेल. एकदा तासभर ताटकळून काय बदललं, तर बाई नुसती वळली होती. तेवढ्यानेही बरं वाटलं! असं तासन्‌तास थांबणं अंगठ्याला जमेल का? माझा मुद्दा तोच.

ऐरोली_लेडीज_डबा
थांबायची शिकवणी लोकलवाल्यांना? या एकदा सकाळी ठाण्याच्या दहा नंबर फलाटावर.