मदत हवी आहे: १२ फूट रुंदीचे लाकडी घर ऐसपैस कसे वाटेल?

नमस्कार. गोव्यातील डिचोली तालुक्यातील वडिलोपार्जित जागेच्या वाटणीत आमच्या वाट्याला एक लांबट पट्टी आली असून नियमाप्रमाणे कडेने जागा सोडल्यावर घरासाठी १२ फूट रुंदी आणि ४२ फूट लांबी उरते. पश्चिमेची अरुंद बाजू रस्त्याकडे आहे, तर पूर्वेला जमीन उतरत उतरत कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) जाते. दोन्ही लांब बाजूंना शेजाऱ्यांची घरे आहेत. राहणारे आम्ही चौघे: आई, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी मुलगी.

घर लाकडीच हवे, ही केवळ हौस नाही. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत गिलाव्याशिवायही ९ इंचांची धरावी लागते, म्हणजे दोन भिंतींतच दीड फूट जातो. लाकडी सांगाड्याला दोन्ही अंगांनी फळ्या मारलेली भिंत ५ इंचांत बसते आणि आतली रुंदी साडेदहा फुटांऐवजी ११ फूट २ इंच मिळते. त्या वाचलेल्या आठ इंचांत पुस्तकांचे एक फडताळ मावते. शिवाय जुने घर उतरवले तेव्हाचे फणसाचे वासे आणि सागवानी तुळया अजून चांगल्या स्थितीत आहेत. जोते मात्र चिऱ्याचेच, जमिनीपासून दोन फूट उंच असेल आणि वाळवीसाठी जोते व लाकूड यांच्या मध्ये पत्रा घालायचा, हे ठरलेले आहे.

सध्याचा आराखडा असा आहे: पुढे ६ फुटांचा बल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), मग १२ फुटांची बैठक, १२ फुटांचा मधला भाग आणि मागे १२ फुटांत स्वयंपाकघर व न्हाणी. पोटमाळा पूर्ण घरावर घ्यावा, म्हणजे वर दोन खोल्या आणि वापरायचे सामान ठेवायला जागा मिळेल, असे वास्तुविशारदांचे म्हणणे आहे. मला तो फक्त मधल्या व मागच्या भागावर घ्यावासा वाटतो. १२ फुटांच्या घराला ३० अंशांचा उतार दिला तर आढे वळचणीपेक्षा जेमतेम साडेतीन फूट वर जाते. म्हणून बाजूच्या भिंती माळ्याच्या फळीपासून साडेचार फूट उंच ठेवल्या, तरच आढ्याखाली आठ फूट मिळतात. खालच्या मजल्याची उंची साडेआठ फूट धरली, तर बैठकीतून वर पाहिल्यावर साडेसोळा फुटांवरचे आढे दिसेल. बुटक्या मधल्या भागातून त्या उंच बैठकीत येताना जो मोकळेपणा जाणवेल तो भिंतींना पांढरा रंग देऊन किंवा आरसे लावून येणार नाही, असे माझे मत आहे. (आरशांचा सल्ला कृपया देऊ नये; तो नातेवाइकांकडून भरपूर मिळाला आहे.) चवथीला बैठकीतच गणपती बसतो आणि त्याच्यावर माटोळी (फळे-पाने टांगलेली लाकडी चौकट) बांधायची असते, तिच्या चौकटीसाठीही एक तुळई तेथे उघडी ठेवणार आहोत.

खरी अडचण जिन्याची आहे. साडेआठ फूट चढण्यासाठी सुमारे सात इंच उंचीच्या १५ चढी लागतात आणि १० इंच रुंदीच्या १४ पायऱ्या धरल्यास (पंधरावी चढ थेट माळ्यावर नेते) जिन्याची लांबी ११ फूट ८ इंच होते. तो आडवा घातला तर सरळ बसतच नाही, वळणाच्या पायऱ्या कराव्या लागतात आणि बल्कांवातून थेट कुळागरापर्यंत जाणारी नजर मध्येच अडते. ती हिरवी चौकट दारातून दिसावी, हाच तर या घराचा सगळा जीव आहे. उत्तरेच्या भिंतीलगत उभा घातला तर तीन फूट जिन्याला, तीन फूट येण्याजाण्याला आणि उरलेले ५ फूट २ इंच आईच्या अंथरुणाला, अशी मधल्या भागाची विभागणी होते. तेथे कायमची भिंत न घालता सरकती दारे बसवावीत आणि ती दिवसा उघडी राहावीत, असा माझा विचार आहे. पण रात्री न्हाणीकडे जाणाऱ्याच्या पावलांनी आईची झोप मोडेल का, लाकडी जमीन किती वाजते, याचा अंदाज येत नाही.

हवेबाबत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अहमदाबादेतील 'ट्यूब हाउस'चा छेद (घर उभे कापल्यासारखे दाखवणारे रेखाचित्र) मी पुन्हा पुन्हा पाहतो. १९६०च्या दशकाच्या आरंभी बांधलेले ते घरही साधारण ३.६ मीटर म्हणजे १२ फूटच रुंद होते आणि उतरत्या छताखालून वर चढणारी गरम हवा माथ्यावरच्या फटीतून बाहेर जाई. मात्र अहमदाबादची हवा कोरडी आहे, तर आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याची झड नेमकी पश्चिमेकडून, म्हणजे आमच्या दर्शनी बाजूने येते. आढ्यावर दोन्ही पाखांना (छपराच्या उतरत्या बाजूंना) झाकणारी छोटी कौलारू टोपी बांधून खालून हवा सोडण्याचा प्रयोग गोव्यात किंवा तळकोकणात कोणी केला असल्यास जुलैत आत पाणी येते का, हे कृपया सांगावे.

उजेडासाठी मंगळूरी कौलांत मधूनमधून काचेची कौले घालण्याचे ठरले आहे. उत्तरेच्या पाखावर घातली तर हिवाळ्यात ऊन तिरपे आणि कमी आत येईल. मेपासून ऑगस्टपर्यंत मात्र आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे पावसाआधीच्या दिवसांत माळा तापेल, अशी भीती वाटते. काचेखाली सरकणारी बांबूची चटई लावावी असे मेस्त (सुतार) सुचवतात. तिला पावसाळ्यात बुरशी धरते का?

ज्यांनी अशा अरुंद लाकडी घरात निदान एक पावसाळा काढला आहे, त्यांच्या अनुभवाला मी अधिक वजन देईन. आराखडा दिवाळीनंतर मंजुरीसाठी द्यायचा असल्याने जिना आणि आईची खोली यांबद्दलची मते आधी कळवावीत. कौलांचा निर्णय थोडा थांबू शकतो.