पोर्शन मागे पडत नाही, ताई

ताई, समाजसेवेचे उपक्रम घेतले की पोर्शन मागे पडतो, असं तुम्ही लिहिलंय. वेगळा तास काढला तर पडतोच. पण धड्यातूनच काम निघालं तर?

माझ्या सातवीच्या वर्गाने गुणोत्तर-प्रमाण शिकताना पाणवठ्यावरचा गळका नळ मोजला. लिटरची बाटली खाली धरली, एकाच्या हातात घड्याळ. चार मिनिटांत भरली. मग फळ्यावर हिशोब: तासाला १५, दिवसाला ३६० लिटर! पोरं गप्पच झाली. मुलींनी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला (मराठीचं पत्रलेखनही झालं), ग्रामपंचायतीत नेऊन दिला आणि तिसऱ्या दिवशी नळाचा वायसर बदलला गेला. ते गणित एकही मूल विसरलेलं नाही.

हे नवं नाहीच. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताने काम करत शिकणं, मांडली ती हीच. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला शास्त्रज्ञ डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथेही मुलं गावाला लागणारी कामं करतच शिकतात.

फक्त एक कळकळीने सांगते, मुलांच्या हाती झाडू देऊन फोटो काढण्याला सेवा म्हणू नका. गावाला काय हवंय, ते आधी मुलांनाच विचारून येऊ द्या.