व्हर्जिनियाचं काय?

'सरकार कुणाचंही येवो, अमेरिकेत बंदुकीचे कायदे हलत नाहीत' हे म्हणणं वॉशिंग्टनपुरतं, म्हणजे केंद्रीय कायद्यांपुरतं, बरंचसं पटतं. २०१३ मध्ये सिनेटमध्ये डेमोक्रॅट बहुमतात असूनही १०० पैकी लागणारी ६० मतं जमली नाहीत आणि बंदूक घेणाऱ्यांच्या पार्श्वभूमी तपासणीचं विधेयक बारगळलं. पण राज्यांकडे बघा की. व्हर्जिनिया राज्यात 'महिन्याला एकच हँडगन' (म्हणजे पिस्तुलासारखी छोटी बंदूक) विकत घ्यायची, हा नियम १९९३ चा. २०१२ मध्ये रिपब्लिकनांनी तो काढला, २०१९ ची निवडणूक जिंकून डेमोक्रॅटांनी २०२० मध्ये परत आणला. अक्षरशः संगीत खुर्ची!

अर्थात त्याच वर्षी असॉल्ट रायफलींवरची (लष्करी धाटणीच्या बंदुकांवरची) बंदी मात्र राज्याच्याच सिनेटच्या समितीत अडली, आणि तीही काही डेमोक्रॅट सिनेटरांनीच विरोधकांना साथ दिल्यामुळे. मतदारसंघ सांभाळायचे तर पक्षाचा झेंडा थोडा गुंडाळूनच ठेवावा लागतो.